नलूनं एकटीनं पाहिलेल्या घोडेस्वार बायका

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोल्हारच्या घराच्या गच्चीवर कुरडया घालत होते. हात चिकानं माखलेले, म्हणून आमच्या यांनी फोन घेतला आणि माझ्या कानाशी धरला. पलीकडे मेघना होती, नलूची भाची. "शालनमावशी, नलूमावशी गेली," एवढंच ती म्हणाली आणि मी सोऱ्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. नलूचं दुखणं महिन्याभराचं. शेवटच्या आठवड्यात मी नगरच्या दवाखान्यात जाऊन तिला भेटले होते. तेव्हा ती नीट बोलत होती. माझा हात धरून ती शाळेबद्दल बोलली, माझ्या गुडघ्यांबद्दल बोलली, तिथला चहा किती पाणचट आहे हेही बोलली. निघताना तिनं माझा हात पटकन सोडला नाही. मला वाटलं, निरोपाचा हात आहे... आता वाटतं, तिला काही सांगायचं असेल. पण तिनं सांगितलं नाही, आणि मी रडत रडत बसनं घरी आले. माझं सगळं आयुष्य जिला ठाऊक होतं ती चालली, एवढंच तेव्हा मनात होतं. तिच्या आयुष्यातलं मला काय ठाऊक होतं, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

आमची गाठ पाथर्डीच्या मुलींच्या शाळेत पडली. ती इतिहास शिकवायची, मी चित्रकला. मी शेतकऱ्याच्या घरातली, कोल्हारला दिलेली. मुलांच्या शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी नगरला दोन खोल्या घेऊन राहायचे, शनिवारी दुपारी कोल्हारची गाडी धरायचे. नलू मास्तरांची मुलगी, लग्न न केलेली, सावेडीच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या गराड्यात राहणारी. आम्ही दोघी रोज नगरहून पाथर्डीला जाऊन येऊन करायचो. करंजीचा घाट चढताना ती मला सम्राट आणि लढाया सांगायची, उतरताना मी तिला सासर आणि ऊस सांगायचे. शाळेत तिचा दरारा होता. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असायची, आणि तरीही मुली तिच्या मागं मागं फिरायच्या, कारण ती त्यांना मोठ्या माणसांसारखं वागवायची. त्यातल्या कितीतरी मुली दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायच्या आणि उन्हाळ्यात परत यायच्या. नलू त्यांना रागवायची नाही. राहून गेलेला इतिहास शाळा सुटल्यावर पारावर बसून शिकवायची.

ते जाडजूड चित्रांचं पुस्तक तिनं पुण्याच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं. चीनमधल्या मातीच्या मूर्तींचं. एके दिवशी तिनं ते वर्गात नेलं, आणि मी शेजारच्या वर्गातून ओढल्यासारखी तिथं गेले. पानावर घोड्यावर बसलेली एक बाई होती. तेराशे वर्षांपूर्वीची. दोन्ही बाजूंना पाय टाकून, पुरुषासारखी, ताठ बसलेली. केसांचा उंच अंबाडा, गालांवर लाली, अंगात हिरवा-पिवळा झगा आणि त्या रंगाचे ओघळ घोड्याच्या पाठीवर उतरलेले. लगाम हातातून कधीच गळून गेला होता, पण मूठ तशीच वळलेली होती. पुढच्या पानांवर आणखी होत्या. एकीच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, एक भरधाव घोड्यावरून वाकून चेंडू मारणारी, एक नुसतीच कुठंतरी निघालेली. नलूनं मुलींना विचारलं, "काय दिसतंय?" कुणी रंग सांगितले, कुणी घोडा. मग मागच्या बाकावरची आशा नावाची मुलगी उठली. दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. ती म्हणाली, "बाई, ती अशी बसलीय, जनू तिला मागून कुनी हाकच मारनार न्हाई."

नलूनं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आशाचं ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. मला आयुष्यात सतत मागून हाका येत होत्या. सासूबाईंच्या, मुलांच्या, घंटेच्या. नलूला त्या येत नव्हत्या असं मी धरून चालले होते.

तेव्हापासून त्या घोडेस्वार बायका आमच्या झाल्या. नलू त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचायची आणि मला सांगायची. या मूर्ती श्रीमंतांच्या थडग्यांत ठेवत, मेलेल्याला पलीकडे सोबत व्हावी म्हणून. घडवल्या की थेट अंधारात. कुणी बघावं म्हणून त्या केलेल्याच नव्हत्या, तरी कारागिरानं भुवया इतक्या निगुतीनं रंगवल्या होत्या. अंगाला झिलई देत, पण चेहरा कोरा ठेवून नंतर रंगवत, म्हणून झगे चकचकीत राहिले आणि चेहरे पुसट होत गेले. ती सांगायची आणि मी चित्रं काढायचे. पुढं मी मातीच्या मूर्ती करू लागले. कोल्हारच्या कुंभारवाड्यात भाजून आणायचे. पहिल्या चार-पाच घोड्यांचे पाय भट्टीत मोडले, तेव्हा नलू म्हणाली, "शालन, तुझ्या बायका बहुतेक पायीच जाणार." तिच्या फ्लॅटच्या फडताळात माझ्या मूर्तींची रांग लागली. येणारे-जाणारे त्या बघायचे, माझं कौतुक करायचे, आणि नलू अभिमानानं सांगायची, "आमच्या शालनची नजर बघा."

आपण दोघींनी जाऊन त्या खऱ्या बायका बघायच्या, हे आमचं ठरलेलं होतं. बरीच वर्षं ते नुसतं बोलणं होतं. मग माझी मुलं मार्गी लागली, निवृत्ती जवळ आली, आणि नलूनं पुण्याच्या एका प्रवास कंपनीची चीनची सहल शोधून काढली. दिवाळीच्या सुट्टीत, शिआन शहर धरून. त्या गावातल्या संग्रहालयात अशा मूर्ती आहेत. मी घरात विषय काढला तेव्हा हे जेवत होते. घास हातात धरून म्हणाले, "चीनला? तिथं काय देव हाय का कोन पावना हाय?" मी म्हटलं, घोड्यावर बसलेल्या बायका आहेत, मातीच्या. ते म्हणाले, "आनि त्या बघाया तू इमानानं जानार?" मी हो म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी म्हणून मी काही मागितलं नव्हतं. त्या वेळी मागितलं, आणि आठ दिवस घरात धुसफूस झाली तरी मागं घेतलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्याजवळ राहायला नणंदेला बोलावलं, तिच्या मिनतवाऱ्या केल्या. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जा गं. मी काय पळून जानार न्हाई." मग हेही विरघळले, नगरला जाऊन माझ्यासाठी चाकांची बॅग घेऊन आले आणि ओसरीवर ती पुढं-मागं ओढून बघत बसले.

सहलीला थोडे दिवस राहिले असताना एका रविवारी नलू अचानक कोल्हारला आली. न कळवता कधी यायची नाही. ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "रद्द झाली गं सहल. पुरेशी माणसंच जमली नाहीत." मी आगाऊ भरलेले पैसेही ती घेऊन आली होती. तिचे डोळे भरून आले होते. मीच तिची समजूत काढली. "अगं, पुढच्या वर्षी जाऊ. तेराशे वर्षं थांबल्यात त्या, आणखी एक वर्ष थांबतील," असं मी तिला म्हटलं. ती हसली नाही. सुट्टीत एकटीनं घरी बसवणार नाही म्हणाली, मेघनाकडं बेंगळुरूला जाऊन येते म्हणाली. मी त्या संध्याकाळी डिंकाचे लाडू केले आणि डबा भरून तिच्याबरोबर दिला. ती गेल्यावर सासूबाईंनी आतून विचारलं, "रद्द झालं मंजी? तू सोता कुनाला इचारलंस का?" मी फटकन म्हणाले, "आत्याबाई, नलू खोटं बोलत नाही." त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

पुढचं वर्ष आलं, पण सहल आली नाही. सासूबाईंचं दुखणं वाढलं आणि नणंदेलाही तिचं घर होतं. सासूबाई गेल्या, मग साथीची ती दोन वर्षं, आणि त्यानंतर माझे गुडघे. नलूकडं विषय काढला की ती म्हणायची, "जाऊ गं, जाऊ." आणि मूर्तींबद्दल बोलायला लागायची. पूर्वीपेक्षा जास्त बोलायची. एकदा मी एका मोठ्या मूर्तीवर अडले होते. पुस्तकात सगळ्या बायका समोरून नाहीतर बाजूनं दिसायच्या. ती बाई मागून कशी बसली आहे, ते मला कळत नव्हतं. चार वेळा केली, चार वेळा मोडली. नलू माझ्या मागं उभी राहून म्हणाली, "पाठ ताठ आहे, पण वजन किंचित डाव्या अंगावर आहे. झगा खोगिराच्या मागं दुमडून राहिलाय. आणि अंबाड्याखाली मानेवर केसांची एक बारीक रेघ सुटलीय." मी वळून विचारलं, "तुला गं काय माहीत?" ती म्हणाली, "वाचलं कुठंतरी." मी तसं केलं आणि बाई घोड्यावर बसली. इतके दिवस ती ठेवल्यासारखी दिसत होती, आता बसली. मी नलूला मिठी मारली. माझ्या मातीच्या हातांचे ठसे तिच्या पांढऱ्या पोलक्यावर उमटले, आणि ती नेहमीसारखी ओरडली नाही.

नलूनं विधी नको असं सांगून ठेवलं होतं. मेघनानं फ्लॅटवर चार माणसं बोलावली. शाळेतल्या जुन्या बाया, शेजारचे, मी. टेबलावर नलूचा हार घातलेला फोटो होता. फोटोत ती छान हसत होती, मोकळी, मी तिला तशी हसताना फारशी पाहिली नव्हती. गळ्यात एक निळा स्कार्फ होता, जो मी कधी पाहिला नव्हता. मी फूल वाहायला वाकले आणि माझं लक्ष तिच्या खांद्यामागं गेलं. फोटो मोठा करताना कडा कापल्या होत्या, तरी एका कोपऱ्यात काचेमागं घोड्याचं डोकं राहिलं होतं. मान खाली घातलेला, आयाळ कातरलेला घोडा, आणि त्याच्या वर हिरव्या झग्याची बाही, मूठ वळलेली. ती मूठ मी शेकडो वेळा काढली आहे. मला ती कुठंही ओळखू आली असती.

मी मेघनाला विचारलं, "हा फोटो कुठला गं?" ती फुलं नीट करत म्हणाली, "शिआनचा, मावशी. तिचा सगळ्यात आवडता होता. तुमच्या सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून तुम्हाला ऐनवेळी रद्द करावं लागलं ना, ती फार हळहळायची." मग माझ्याकडं बघत हसून म्हणाली, "पण तुमचे लाडू मात्र नेले होते तिनं. तिथलं जेवण जाईना, तर सकाळ-संध्याकाळ लाडूच खाल्ले म्हणे." माझा चेहरा बघून ती थांबली. पोरगी हुशार आहे. तिच्या हातातलं फूल तसंच राहिलं. "मावशी... तुम्हाला माहीत नव्हतं?" मी नाही म्हटलं. मागं कुणीतरी नलूच्या सचोटीबद्दल बोलायला उभं राहिलं होतं. मीही बोलावं असं ठरलं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मानेनंच नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नाहीत.

घरी आल्यावर यांना सांगितलं. ते ओसरीच्या कडेला टेकले. "तुजी जिवाभावाची मैत्रीन ना ती?" मी म्हटलं, हो. "भांडान झाल्तं का काय?" नाही. "मंग?" मी पायातल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या. मग ते म्हणाले, "आता गेली ती. इसर." मी ओरडले, "गेली म्हणूनच विसरता येत नाही. जिवंत असती तर तिच्या दारात जाऊन बसले असते, विचारलं असतं, शिव्या दिल्या असत्या!" मला शिव्या येत नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आपन जाऊ का? मी येतो. मला त्या बायकांमधलं काय कळत न्हाई, पन घोडं बघंन की मी." मी हसले आणि मग रडले. तिच्या मरणाच्या बातमीला आलं नव्हतं असं रडू त्या दिवशी आलं.

राग कशाचा आहे, ते मी परत परत तपासून पाहिलं. ती एकटी गेली याचा नाही. तिनं म्हटलं असतं, 'शालन, मला एकटीनं जायचंय,' तर मी रुसले असते, महिनाभर अबोला धरला असता आणि मग सगळं ऐकायला तिच्याच दारात गेले असते. राग त्या ओसरीवरच्या पाण्याचा आहे. तिच्या डोळ्यांतल्या. ते खरं होतं असं मला अजून वाटतं, आणि त्यामुळं ते जास्त लागतं. एखाद्याचं मन मोडताना स्वतःही रडायचं आणि मग त्याच्याच हातचा डबा घेऊन निघायचं, हे माणसाला जमतं कसं? शिवाय परत आल्यावर इतकी वर्षं माझ्यासमोर बसून 'जाऊ गं, जाऊ' म्हणत राहायचं. माझी सगळी स्वप्नं ऐकून घ्यायची, आणि आपण मात्र ती बघून आलेलो.

मागच्या पंधरवड्यात मेघना कोल्हारला आली. फ्लॅट आवरला होता. ते चित्रांचं पुस्तक आणि माझ्या मूर्ती तिनं गाडीत घालून आणल्या होत्या. चहा झाला तरी ती घुटमळत होती. मग म्हणाली, "मावशी, मी तिला एकदा विचारलं होतं. म्हटलं, शालनमावशीला तिथले फोटो का नाही दाखवत? तेव्हा ती जे म्हणाली त्याचा अर्थ मला लागला नव्हता." मी विचारलं, काय म्हणाली? मेघना खाली बघत म्हणाली, "म्हणाली, शालन बरोबर असली की मला तिच्या डोळ्यांनी दिसतं. ती बोट दाखवते तेवढंच मी बघते. एकदा तरी मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं."

 हे ऐकून माणूस विरघळेल, क्षमा करून मोकळा होईल, असं कुणाला वाटेल. मी झाले नाही. माझी नजर तिला इतकी जड होत होती, तर 'आमच्या शालनची नजर बघा' असं ती लोकांना का सांगत होती? तिनं त्या बायका मला दिल्या आणि मग तिला वाटलं असावं की मी त्या तिच्याकडून घेतल्या. पण मी त्या कधी माझ्या एकटीच्या मानल्या नव्हत्या. ही गोष्ट मी तिला तोंडावर सांगू शकले असते. तिनं तेवढीही संधी ठेवली नाही.

"तिथले फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहेत," मेघना म्हणाली. "बघायचेत?" मी आधी नको म्हटलं. मग म्हटलं, एकच दाखव, एखादीचा पाठीमागून काढलेला असला तर. तिनं शोधला. नलूनं काचेला वळसा घालून, मागं जाऊन तो काढला होता. पाठ ताठ, वजन किंचित डाव्या अंगावर, झगा खोगिरामागं दुमडलेला, मानेवर केसांची एक रेघ. ओसरीवर मेघनानं आणलेली माझी मूर्ती होती. मी ती वळवून फोटोशेजारी धरली. मेघना म्हणाली, "अगदी तशीच आहे की!" तशी असणारच. तिनं पाहिलं होतं आणि मला सांगितलं होतं. ती मला घास भरवत होती, की चोरलेल्यातलं थोडं थोडं परत आणून ठेवत होती, मला कळत नाही. "पाठवू का तुम्हाला?" मेघनानं विचारलं. मी नको म्हटलं. तिनंही आग्रह केला नाही.

परवा डोळे तपासायला नगरला निघाले. कोल्हारच्या थांब्यावर बस आली, चढले, खिडकीशी बसले. बस सुटल्यावर लक्षात आलं की शेजारच्या सीटवर मी माझा रुमाल ठेवला आहे. ही नलूची सवय. पाथर्डीच्या त्या सगळ्या वर्षांत ती माझ्या आधी स्टँडवर पोचायची, खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरायची आणि मला उशीर झाला की "कुणी आहे इथं, कुणी आहे" असं अख्ख्या बसला बजावत राहायची. कंडक्टरशी भांडायची. एकदाही मला उभ्यानं जाऊ दिलं नाही तिनं. आमच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास आला, आणि त्याच एका प्रवासात तिनं माझी जागा धरली नाही... राहुरीला गर्दी चढली. कडेवर मूल असलेली एक बाई माझ्यापाशी येऊन थांबली. "हितं कुनी हाय का, मावशी?" मी हो म्हणणार होते. तोंडातून तेच येत होतं. मग मी रुमाल उचलला, घडी करून पिशवीत टाकला आणि खिडकीकडं सरकले.

"बस बाई," मी म्हटलं. "कुणी यायचं नाही."